आडनाव

शनिवारी रात्री बाराला क्लॅरेन्स हॉल उघडायचा
आणि मी कोट घ्यायला उभी राहायचे.
बर्नलीची थंडी अशी, की आधी कोट आत यायचा,
मागून पोरगं.
बिल्ला हातात, कोट खुंटीला, दहा पेन्स डब्यात.
नाच मी कधी पाहिला नाही. मधे भिंत होती.
भिंतीतून फक्त पाय यायचे
आणि टाल्कम पावडरीचा वास,
जो सकाळी आठाला सगळ्या कोटांतून घरोघर जायचा.

पायांवरून मला कळायचं कोणती रेकॉर्ड लागलीय.
काहींना पाय पाहुण्यासारखे. आले, बसले, उठले.
एकीला मात्र अख्खा हॉल चुलीपाशी सरकल्यासारखा
सरकायचा मधोमध.

डेट्रॉइटला पाचशे छापल्या होत्या तिच्या,
खपल्या साठ.
गाणारा ऑर्विल टेनंट, पुढे पत्रं वाटायला लागला.
उरलेल्या जहाजात वजनाला भर म्हणून टाकल्या
आणि लिव्हरपूलला उतरल्या, असं केन शटलवर्थ सांगायचा.
केनचं निम्मं खरं धरायचं.
पण त्याने लेबलावर कोरा कागद चिकटवला
आणि वर भलतंच नाव लिहिलं, हे मी पाहिलंय.
इतर हॉलवाल्यांना सापडू नये म्हणून, तो म्हणाला.
मी म्हटलं, कळलं. आमच्याकडे तीट लावतात.

एकदा नेली त्याने ती ब्लॅकपूलला.
झुंबरांचा हॉल, दोन हजार पोरं.
वाजली,
आणि पोरं सरबतं आणायला गेली.
सोमवारी तोंड पाडून आला. तीच रेकॉर्ड, तीच सुई, म्हणत होता.

आता त्याला काय सांगायचं.
क्लॅरेन्सच्या फळ्यांखाली पोहण्याचा जुना हौद होता,
रिकामा. उन्हाळ्यात पूर्वी फळ्या काढायचे म्हणे.
आणि गाणं दुसऱ्या कडव्यानंतर एक श्वास थांबतं.
एकच.
त्या श्वासात आठशे जण एक टाळी द्यायचे
आणि खालचा अंधार परत द्यायचा.
माझ्या खुंट्या थरथरायच्या.
सम कुठे आहे ते कोट सांगायचे.

मी केळशीकर. नाव लग्नातलं.
केळशी दोनदा पाहिली, एकदा वरातीतून, एकदा मर्तिकाला,
तरी सही करताना गाव हाताखालून जातंच.
तसंच झालं तिचं.
खरं नाव कुणी घेईना. क्लॅरेन्सचं लाव रे, म्हणायचे,
लीड्सला म्हणायचे, बोल्टनला म्हणायचे,
जे इथे कधी आलेच नाहीत तेही.
मी मनात म्हणायचे, आली आमची क्लॅरेन्सकर.
जन्म कुठला, नांदली कुठे.

एकोणऐंशीला हॉल पाडला. हौद डबर घालून बुजवला.
वर सुपरमार्केट, पुढे गाड्या लावायची जागा.

चौऱ्याण्णवला केनने वर्गणी काढून ऑर्विलला आणलं.
मी दूध घेऊन बाहेर पडले, तर हे चौघं उभे:
केन, टक्कल पडलेला, जॅनेट पिकप, तिचा नवरा,
आणि एक उंच म्हातारा, गुडघ्यावर हात.
कुठे होता, तो विचारत होता.
ट्रॉल्यांच्या रांगेपासून त्या निळ्या गाडीपर्यंत, केन म्हणाला.
म्हाताऱ्याने टाच आपटून पाहिली.
डांबर. काही आलं नाही.

मग केनने गाडीचं दार उघडं ठेवून कॅसेट लावली.
ऑर्विल पुटपुटत गात होता, स्वतःच्याच तरण्या आवाजाखाली.
दुसरं कडवं संपलं
आणि त्या तिघांनी, न ठरवता, टाळी दिली.
मीही. दुधाची पिशवी मनगटाला लोंबत.

तो दचकला.
पुढच्या ओळीला उशिरा पोचला.
हे माझ्यात नव्हतं, म्हणाला,
आणि केनला कॅसेट मागे घ्यायला लावली.