मूठभर जुना कापूस

फोंड्याच्या कॉलेजात माझं काम उंदरांचं.
पिंजरे चोवीस. गुरुवारी भुसा बदलायचा.
मार्दोळहून साडेसातची बस,
आणि केसांत जायांची फाती नाही,
ही फुर्तादो बाईंची पहिली अट.
"तुझ्या फुलांपुढे त्यांना काही वाचता येत नाही, सुलक्षा."

वाचतात म्हणजे नाकाने.
भिंतीच्या कडेकडेने थेंब थेंब मुतत जातात
आणि त्या थेंबात सगळं असतं:
कुणाचा कोण, वयात आलाय की नाही,
आजारी आहे का, कुणापुढे दबतो.
आमच्या एक-चौदाच्या उताऱ्यात एवढं नसतं.
वाळला की पुन्हा मुतून ताजा करायचा.
तलाठी नाही, स्टॅम्प नाही.

पहिल्या महिन्यात मी हौसेने
सातव्या पिंजऱ्याला आंघोळ घातली.
साबण, कढत पाणी, ऊन.
एका वेताचे तीन भाऊ परत सोडले,
तर एकमेकांना हुंगून थबकले
आणि मग चावाचावी.
एकाची शेपटी अर्धी गेली.
बाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या,
घरट्यातला मूठभर जुना कापूस ठेवायचा गं.

आईच्या बाराव्याला
वहिनीने फिनेल ओतून घर धुतलं.
दोष तिचा नाही, पाहुणे यायचे होते.
चादर, उशीचा अभ्रा, खुंटीवरची लुगडी,
सगळं व्हाळावर नेऊन आपटलं.
पंधरा दिवसांत गुरुदास आणि शांबा
कुळागरातल्या दोन माडांवरून
एकमेकांच्या अंगावर गेले.
एका वाडग्यातली पेज प्यालेले.
मी मध्ये उभी,
आणि घरभर नुसता फिनेलचा वास.

दोन माडांचंच असेल ते भांडण.
माणसाला उंदराचं नाक नाही,
हे बाईही सांगतात, आणि मी काही शिकलेली नाही.

पण आईचं कळ्या खुडायचं फडकं
माझ्याकडे आहे, बिस्किटांच्या डब्यात.
वहिनीला सापडलं नव्हतं.
जाईचा वास कधीच गेला.
तपकीर येते, घाम येतो,
आणि खाली आणखी काहीतरी, ज्याला नाव नाही.
चवथीला दोघे येणार म्हणतात, वेगवेगळ्या वेळी.
माटोळीच्या दोरांत कुठेतरी ते खोचून ठेवीन,
कुणाला न सांगता.
तोवर झाकण उघडत नाही.

आज गुरुवार.
सातव्यातला अर्धशेपट्या माझ्या बोटाशी आला,
हुंगत राहिला बराच वेळ,
मग वाचून झाल्यासारखा
आत गेला.