सोळा

वरच्या बाजारात, फोंड्याला, लॉटरीच्या गाळ्यावर
माझी खोली. दोन कॉम्प्युटर, एक स्टॅबिलायझर,
आणि दिवाळीपर्यंत ओली राहणारी भिंत.
लग्नं, मुंजी, जत्रेतली नाटकं
इथं येतात आणि गोल होऊन जातात.

तुळशीदास खांडेपारकरने कॅसेट सोमवारीच दिली होती.
वर निळ्या शाईत एवढंच : चवथ, ९४.
मी ती उतरवून घेतली, ही बाजू तीस मिनिटं, ती बाजू तीस,
पंख्याची घरघर, कुणाचं तरी खोकणं, सगळ्यासकट.
सीडी करायची तेवढी राहून गेली.

शुक्रवारी तो दारात. उद्या पहाटे विमान,
पुढे नऊ महिने बोट.
खाली पायलट मोटरसायकल चालूच ठेवून थांबलेला.
"बेगीन कर मरे."

पडद्यावर आकड्यांची उतरंड :
बावन्न, अठ्ठेचाळीस, बत्तीस, सोळा, आठ, चार.
गिऱ्हाईक घाईत असलं की हात आपोआप वर जातो.
बावन्न.
ड्राइव्हने शीळ घातली, टेबल थरथरलं,
चहाच्या ग्लासात वर्तुळं उठली,
आणि तीन मिनिटं भरायच्या आत जीभ बाहेर.

मी नेहमी शेवटचं आधी ऐकतो.
सीडी आतून बाहेर लिहीत जातात,
काठाशी पोचेपर्यंत वेग पिसाटलेला असतो.
आणि काठाशीच होती ती आरती,
जिच्यात शामेळ थांबतं, कासाळं थांबतं
आणि त्याच्या वडिलांचं घुमट एकटं बोलतं.
ते बोललं नाही. चुकचुकलं,
ओल्या भिंतीवरच्या पालीसारखं.

"मग चारवर घाल," तुळशीदास म्हणाला, "थांबतो."

सगळ्यांना वाटतं, हळू म्हणजे चांगलं.
मलाही वाटायचं.
पण बावन्नसाठी बनवलेल्या सीडीचा रंग उतावळा.
त्याला एक चटका पुरतो, मग किरणाने पुढे सरकावं;
रेंगाळला तर खुणेची कड करपते.
मडकईच्या एका भटजींचं सहस्रनाम
मी असंच, फार प्रेमाने, चारवर वाया घालवलंय.

हे ऐकून तो स्टुलावर बसला.
खिडकीतून पायलटला हात केला.
म्हणाला, बापूय आरतीआधी घुमट चुलीपाशी न्यायचा,
चामडं ओढून यावं म्हणून.
लांब धरलं तर आवाज भिजका,
ओलं फडकं दगडावर आपटावं तसा.
जवळ धरलं तर एकदाच टचकन,
आणि ती चवथ गेली.
"मग किती लांब धरायचा?"
त्याने हाताची पाठ माझ्या मॉनिटरसमोर धरली,
पुढे नेली, बोटभर मागे घेतली.
"इतकं. त्याने कधी सांगितलं नाही. मी बघायचो."

सोळा.

पाच मिनिटं मी माउसला हात लावला नाही,
दुसरं काही उघडलं नाही,
स्टॅबिलायझरची सुई बघत राहिलो,
कारण संध्याकाळी सहाच्या सुमाराला आमच्याकडे वीज
चपला घालूनच बसलेली असते.
खाली पायलटने इंजिन बंद केलं.
ड्राइव्ह काहीतरी पुटपुटत होता, माळ ओढल्यासारखं.

शेवटची आरती लावली.
शामेळ थांबलं. कासाळं थांबलं.
तुळशीदासचा डावा तळवा मांडीवर,
नसलेल्या मडक्याच्या तोंडावर
उघडमीट करू लागला.
मी भिंतीकडे बघितलं.

मार्करने वर लिहिलं, चवथ, ९४.
पैसे एकाच सीडीचे घेतले.

बावन्नवाली परसातल्या पपईला टांगलीय,
वटवाघळं तरीही येतात.
सोळावाली बोटीवरच्या यंत्राने वाचली की नाही,
अजून फोन नाही.
कॅसेट तो न्यायला विसरला,
की ठेवून गेला.
तांदळाच्या डब्यात ठेवलीय मी,
ओल लागू नये म्हणून.