साडेचारशे बाकी

चौतीस वर्षं मी प्रेसमध्ये तिकिटांना भोकं पाडली.
म्हणजे पाडायचं मशीन, मी कडेला उभा राहून
तावावरून बोट फिरवायचो.
एखादा दात चुकला तर डोळ्याआधी बोटाला कळायचं.
रिटायर झालो तेव्हा शाल मिळाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं,
आणि जेलरोडच्या घराच्या फाटकाला
तारेनं बांधलेला पत्र्याचा डबा होता तसाच राहिला.
पूर्वी त्यात पामतेल यायचं.

मला दगडाची टपालपेटी हवी होती.
कुमुदिनी म्हणाली, आता कोण लिहितंय तुम्हाला?
लाइटबिलसुद्धा फोनवर येतं.
खरं होतं. मी गप्प बसलो,
आणि दुसऱ्या दिवशी सारूळला जाऊन दगड बघून आलो.

मुक्ताजी कुसाळकर मोपेडवर आला, पायाशी छन्न्यांची पिशवी.
प्रत्येक दगड त्यानं हातोडीनं हलकेच वाजवला,
कलिंगडवाल्यासारखा कान देऊन.
"हा बोलतोय. तो कडेचा मुका आहे, परत द्या."
मुका दगड परत द्यायला
टेम्पोचे एकशे ऐंशी गेले.

फट किती ठेवायची, त्यानं विचारलं.
मी कपाटातून एक कोरं अंतर्देशीय आणलं.
ते दगडावर आडवं धरून
दोन्ही टोकांना त्यानं कोळशाची खूण केली,
आणि हात पँटला पुसून मग परत दिलं.
"आमच्यात असलं कधी आलं नाही.
आमचा पत्ता एका जागी थांबला कुठं?"
मी आत चहा सांगायला गेलो. जरा वेळ लावला.

नक्षीवरून आमचं वाजलं.
मला फटीभोवती तिकिटाचे दात हवे होते,
एकसारखे, अर्धगोल.
तो म्हणाला, दगड म्हणजे कागद नाही, साहेब.
येणारं-जाणारं पोरगं हात घासणार,
वर्षात कडा झडतील, नाव माझं जाईल.
मी म्हटलं, पैसे माझे आहेत.
त्यानं काहीच न बोलता कमळाच्या पाकळ्या कोरायला घेतल्या.

अकरा दिवस टाकीचा आवाज.
जास्वंदीची पानं राखाडी झाली,
शेजारचे बोराडे खिडकी लावून बातम्या ऐकू लागले.
कळस नको म्हटलं होतं, तरी वरती थोडासा उतार
देवळीसारखा झालाच.
पेटी उभी राहिली त्याच संध्याकाळी
कुणी म्हातारी थांबली, चप्पल काढली,
आणि फटीत एक फूल सारून पुढं गेली.
म्हणजे पहिलं टपाल माझ्या नावाचं नव्हतं.

हिशेबाच्या वेळी
दातांचे साडेचारशे मी कापून घेतले.
मुक्ताजीनं नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या,
छन्न्या गोणपाटात गुंडाळल्या,
"बरं," म्हणाला, आणि मोपेडला किक मारली.
मला वाटलं होतं, भांडेल.

पुढचे नऊ दिवस मी सकाळ-संध्याकाळ
मागचं लोखंडी दार उघडून बघत होतो.
मुंग्या. केबलवाल्याचं पत्रक.
दहाव्या दिवशी वहीचं चौरेघी पान, चार घड्या,
वर निळ्या शाईत: टपालपेटीवाले काका, जेलरोड.
तिकीट नाही.

काका,
तुमच्याकडे साडेचारशे बाकी आहेत.
पप्पा म्हणतात दात केलेत. बाहेर टिकले नसते.
फटीच्या मागं आतून हात लावा.
मी सातवीत आहे. अक्षर माझं आहे.
कळावे, पौर्णिमा मुक्ताजी कुसाळकर.

मी दारातून कोपरापर्यंत हात घातला.
आत दगड गार होता, बाहेर ऊन असूनही.
बोटाला पहिला दात लागला,
मग दुसरा, मग ओळच,
वळणावर जरा दमलेली, पुन्हा सरळ.
डावीकडून सातवा चुकलाय.
प्रेसमध्ये हा ताव मी बाजूला काढला असता.

कुमुदिनी ओट्यावरून ओरडली, काय आलंय?
बिल, मी म्हणालो.
हात अजून आतच होता.