बर्फासकट

द्वारका मेतर, वय एकसष्ट, दांडी, मालवण.
आतड्याचं ऑपरेशन होऊन अकरा आठवडे.
वजन चोपन्न. आधीही चोपन्नच.
केसपेपरवर कुणीतरी लिहिलंय, "वजन टिकून आहे",
खाली घाईतली सही.

मी अंगठ्याने नडगी दाबते.
खळगा पडतो, भरायला वेळ घेतो,
ओल्या पुळणीत टाच रुतावी तसा.
दंडाभोवती टेप: एकवीस.
पकड: अकरा किलो.
ह्या हाताने सुरमईचं डोकं एका घावात उडायचं,
असं सून सांगते, दाराशी उभी राहून.

मनगटावर दोन चिकटपट्ट्या, घोट्यावर दोन.
तिला कळणारही नाही इतका बारीक करंट आत सोडते.
तो पाण्यातून सरळ निघतो, चरबीपाशी रेंगाळतो,
जिवंत पेशींच्या भिंतीवर क्षणभर थबकतो.
त्या थबकण्याचा कोन: तीन पूर्णांक नऊ.
सूज असली की बाकीच्या आकड्यांवर विसंबायचं नाही.

मी समजावत असते: हे वजन तुमचं नाही, पाण्याचं.
मांस आतून उतरत गेलं, पाणी चढत गेलं,
काटा मात्र...
"बर्फासकट," ती मधेच म्हणते.
"माका काय सांगतंस? तीस वर्सां मासे इकलंय.
बर्फासकट वजन धरणारो
एक तर नवो, नायतर चोर."

मी नवी होते तेव्हा.
आचऱ्याचे बाबल तारी. तीन भेटी, वजन तेच.
तीनदा लिहिलं: स्थिर.
चौथ्या तारखेला त्यांचा मुलगा एकटाच आला,
फाइल परत द्यायला.

कोल्हापूरहून यंत्र आलंय, दोन दिवसांपुरतं,
फोंडा घाट उतरून, मागच्या सीटवर पट्टा बांधून.
पारदर्शक घुमट तिच्या तोंडावर.
ती श्वास सोडते, नळी हिशेब ठेवते.
वीस मिनिटं. हलायचं नाही, झोपायचंही नाही.
"अशी जागी निजान मी कधी रवलंय नाय."
बोलू नका, आकडा हलतो.

सूत्राने धरले होते अकराशे.
यंत्र म्हणतं तेराशे ऐंशी.
"काय्येक न करता इतक्या जळता?"
हो.
"मगे लाकडां खंयची?"
मी तिच्या दंडाकडे बघते. तीही बघते.

छापील तक्त्यावरचं पनीर खोडते, ब्रोकोली खोडते.
पेजेत अंडं. दुपारी बांगडे, दोन,
नातवाच्या ताटात सरकवायचे नाहीत.
खुर्चीतून हात न टेकता उठायचं, जमेल तितकं.
सुकट बंद, मीठ फार असतं.
ती अशी बघते, जणू समुद्रच मिटायला सांगितलाय.

सहा आठवड्यांनी वजन पन्नास.
सून रडवेली: "चार किलो गेली ओ!"
मी पाय दाबते. खळगा पडत नाही.
दंड साडेबावीस. कोन चार पूर्णांक चार.
पकड चौदा, मी लिहायला पेन उचलते.

"थांब. परत दी ता."
ती मूठ आवळते, दात आवळते,
मानेची शीर वर येते, सून रडायची थांबते.
पंधरा.
"आता लिव."