ऐनवेळचा विषय

सहा विषय छापील होते, सहाही मंजूर.
गटारांची झाकणं, मोकाट डुकरं,
बगिच्यातल्या झोक्यांना रंग.
कूलर इतका खडखडायचा
की हात वर दिसले की मी "एकमताने" लिहायची.
बावीस वर्षांत एवढं तर येतंच:
माणसं काय बोलली ते नाही,
बोलून काय ठरलं तेवढंच लिहायचं.

सभापतींनी घड्याळ पाहिलं
आणि मागच्या बाकावरून सिंधू निपाने उठली.
सोबत तांडापेठेच्या अकरा बाया.
गुंड नाही, घोषणा नाही,
लेकराची अर्धी उरलेली वही फक्त.

"साहेब, आमच्या गल्लीत नळ येते रातच्या साडेतीनले.
कधी येते, कधी नुसती हवा येते.
मी लिवून ठेवलं हाय."

आणि वाचायला लागली.
तीन चाळीस, अर्धा तास.
तीन दहा, गढूळ.
नाही आलं.
नाही आलं.
चार पाच, सहा गुंड, मग बंद.
आज मलेच जाग नाही आली.
असे सत्तेचाळीस दिवस, मधेच समासात
मेथी दहा रुपये, बॉबिनवाल्याचे बाकी साठ.

माझं पेन थांबलं.
माझ्या कोणत्या रजिस्टरात
इतकं खरं इतिवृत्त होतं?

इंजिनिअरसाहेबांनी चावीवाल्याला बोलावलं.
भाऊदास सोरते आला, खांद्यावर ती लांब लोखंडी चावी,
दारात अडकली, तिरपी करून आत घेतली.
कोणाकडे न पाहता म्हणाला,
"बाई, टाकी एक, लाईन एक.
बावीस आटे तुमच्याकडं फिरवले
तं नाल्यापल्याड सुकते.
तुमाले सहाले पाहिजे
तं साडेतीन त्यायच्या उरावर जाते.
सांगा, कोणाची झोप मोडू?"

सभागृह गप्प.
इंजिनिअरसाहेब खुर्चीत मागे रेलले.
या गप्पपणाची त्यांना सवय होती,
बहुतेक अर्ज इथेच संपतात.

सिंधूनं वही मिटली.
"पुसून येतो," म्हणाली, "त्यायले."

विषय पुढील सभेपर्यंत तहकूब.
तहकूब विषय परत येत नाहीत,
कपाटात त्यांची एक अख्खी फळी आहे.

पण पुढच्या महिन्यात दोन वह्या आल्या.
दुसरी नाल्यापल्याडच्या शकीला अन्सारींची,
शेवटच्या पानापासून सुरू झालेली.
नाल्याच्या पुलावर चार संध्याकाळी बसल्या होत्या म्हणे दोन्हीकडच्या.
दुसऱ्या संध्याकाळी भांडण झालं,
एकीची चप्पल नाल्यात गेली.
बाकी काय बोलल्या ते कोणी लिहिलं नाही.

ठरलं ते असं:
पंधरा दिवस सहाचं पाणी इकडे, पंधरा दिवस तिकडे.
रमजानात मात्र साडेतीनचं आमच्याकडेच राहू द्या,
शकीलाबी म्हणाल्या,
सहरीसाठी तसेही आम्ही जागेच असतो.
सभापती हसले. मग सगळेच हसले,
इंजिनिअरसाहेब सोडून.
तांत्रिक अभिप्राय मागवावा लागेल, ते म्हणाले.

मी सवयीनं लिहिलं, "चर्चा झाली."
मग ते खोडलं.
दोन्ही वह्यांची झेरॉक्स काढली, पैसे माझे,
आणि जोडली: परिशिष्ट अ, परिशिष्ट ब.
लेखापरीक्षणात विचारणा आली,
मेथीच्या दहा रुपयांचं व्हाउचर कुठे आहे.
उत्तर अजून दिलेलं नाही.

ठरावही अजून वरच्या ऑफिसात आहे.
भाऊदासनं तेवढी चेंबरच्या झाकणावर
खडूनं एक रेघ ओढली आहे, नाल्याच्या बाजूला.
पंधरा दिवसांनी पायानं पुसतो,
दुसऱ्या बाजूला ओढतो.
पावसाळ्यात काय कराल, मी विचारलं.
चावी खांद्यावर घेत म्हणाला,
"तवा पाहू."