शेऱ्याचा रकाना

मोडी वाचणारे केंजळे सर
पानामागे साठ रुपये घेतात, चहा वेगळा.
पुण्यात, दप्तरखान्याच्या लांब बाकावर
भिंगाखाली शाई धावत सुटते,
शब्द कुठे तुटतो ते तिलाही ठाऊक नाही.

मौजे पिंपरवाडी, तालुका पुरंदर.
पूर्वेस ओढा, दक्षिणेस बाभळी दोन.
सात एकर, त्यात पोटखराबा सव्वा.
"हे तुमचे खापरपणजोबा. येसू बिन मालजी कुणबी."

आमच्याकडे सांगतात,
येसबानं एकट्यानं कातळ फोडून
विहीर पाडली.

सर भिंग सरकवतात.
"परागंदा," म्हणतात. "तीन सालं.
सारा मात्र भरलाय."

कुणी?

कडेला, शेऱ्याच्या रकान्यात,
कसरीनं अर्धी खाल्लेली ओळ:
वहिवाट बायको भिवरा हिची.

भिवरा.
हे नाव आमच्या घरात
कुणा मुलीला ठेवलेलं नाही.

"बाईची निशाणी बांगडी असते," सर म्हणतात,
"इथं नांगर काढलाय. कारकून चुकला असेल."
आणि चष्मा पुसत बसतात.

मी साठ रुपये ठेवते.
मग आणखी साठ.
तेच पान, सर.
पुन्हा वाचा.