आवाज बंद आहे

कुतैसीच्या बाजारात, चीज विकणाऱ्या बायकांच्या रांगेपलीकडे
माझी टपरी. काचा बदलतो, बॅटऱ्या बदलतो,
आणि खरं सांगायचं तर निम्मा दिवस
लोकांना त्यांचेच पासवर्ड आठवून देतो.

लामझीरा आली ती चिठ्ठी घेऊन:
‘बहीण इटलीत. तिचा आयफोन. माझा हा.’
हा म्हणजे कोपऱ्यात तडकलेला स्वस्तातला अँड्रॉइड,
कव्हरच्या आत घडी घातलेलं बसचं तिकीट.
नेस्तानचाही काही विकतचा नव्हे.
बारीत ज्या म्हातारीला ती न्हाऊ घालते, कूस बदलून देते,
तिच्या नातीनं नवा घेतला, म्हणून जुना हिला.

‘त्या फोनातलं ह्या फोनात चालत नाही,’ मी चिठ्ठीवर लिहिलं.
तिचा चेहरा पाहून खोडलं.
‘तिला म्हणावं, लिंक पाठव.’

लिंक आली. आधी दिसलं ओल धरलेलं छत,
मग एक मोठ्ठा अंगठा, मग नेस्तान.
फोन मी आलुबुखारच्या चटणीच्या बाटलीला टेकवला,
दोन्ही हात मोकळे हवेत,
नाहीतर बोलणार कशा?

पडद्यावर पट्टी आली: तुमचा आवाज बंद आहे.
लामझीरानं ती मला बोटानं दाखवली
आणि इतकी हसली
की चीजवाल्या वळून बघायला लागल्या.

तेव्हापासून दर मंगळवारी.
त्यांच्या खुणा शाळेतल्या नव्हेत, लहानपणी घरातच रचलेल्या.
गालावर मूठ घासली की थंडी.
हनुवटीखाली रुमालाची गाठ मारली की आई.
मी काही शिकायला बसलो नव्हतो,
स्क्रू पिळता पिळता नजर जायची इतकंच.

काल नेस्तान मध्येच थिजली.
भुवया वर, बोटं हनुवटीशी, गाठ अर्धी.
फिरणारं गोल चक्र त्या अर्ध्या गाठीवर.

लामझीरानं माझं पेन ओढून घेतलं.
‘दवाखान्याचं सांगू का तिला?’
अँड्रॉइडचं विचार, आयफोनचं विचार, बाई,
हे मला काय विचारतेस?
मी पुसलेलीच काच पुन्हा पुसली.

तिनं पेन ठेवलं. आपलेही हात उचलून
हनुवटीखाली तसेच धरले, गाठ अर्धी,
आणि थांबली.

चित्र हललं. पलीकडची गाठ पुरी झाली.
मी त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिलो,
आता मला ऐकू येतं.